रुसव्याची वाक्यं

७ जानेवारी

वन्सं,

आधी शिलाई मशीनवरून ऊठ, हात पूस आणि मगच हे वाचायला घे. मागच्या पत्रावर तू तेलाचे एवढे डाग पाडलेस की तुझा भाऊ म्हणाला, उत्तर आलंय की इंजिनाचा सुटा भाग. फोनवर बोलायचा नाद मी सोडला. तिकडे तुझं मशीन धडधडतं, तू ओरडतेस, मी ओरडते, आणि शेवटी एवढंच कळतं की दोघी जिवंत आहोत.

काम आहे. आमचा इंग्रजी-मराठी कोश रडतखडत 'यू' या अक्षरापर्यंत पोचला, आणि माझ्या वाट्याला एक शब्द आलाय, अम्ब्रेज. डोक्याचा भुगा झालाय नुसता. जुन्या कोशांत त्याचा पहिला अर्थ आहे सावली. मग झाडाचा दाट पाला, ज्याची सावली पडते तो. मग एकदम संशय. आणि आज जो अर्थ चालतो तो म्हणजे मनाला लागलेला अपमान, राग धरणं, रुसवा. आता तूच सांग, सावलीत बसलेला माणूस रुसायला कसा लागला? सावलीत माणूस डुलक्या काढतो. आमच्याकडे एक गृहस्थ आहेत, शब्दांची कुळं-मुळं शोधणं हेच त्यांचं काम, म्हणून त्यांना सगळे व्युत्पत्तीवाले म्हणतात. ते म्हणाले, लॅटिनमध्ये 'उंब्रा' म्हणजे सावली, आणि छत्रीची 'अम्ब्रेला' त्याच घरातली, म्हणजे चिमुकली सावली. एवढं सांगून ते चहाला गेले ते गेलेच. सावलीपासून रुसव्यापर्यंतचा रस्ता त्यांनी माझ्यासाठी ठेवला.

मोठ्या बाईंचा, म्हणजे आमच्या मुख्य संपादकांचा, नियम तुला माहीत आहे. मराठी प्रतिशब्द ठरवायच्या आधी घरातली वाक्यं जमवायची. पुस्तकी वाक्य दिसलं की त्या कार्डावर फुली मारतात आणि वर चष्म्यातून बघतात. म्हणून मला रुसणं, फुगून बसणं, राग धरणं, मनाला लावून घेणं यांची वाक्यं पाठव. आपल्यासारख्या घरात माणसं बोलतात तशी. पाच-सहा पुरेत.

बाबांची खोली तयार आहे. पलंग खिडकीशी लावलाय, आणि तुझ्या भावाने एक दिवा असा बसवलाय की तो लावायला उठावं लागत नाही. आता 'बाबांची सोय झाल्याशिवाय मी लग्न करणार नाही' हे तुझं पालुपद बंद कर. ते इकडे रुळले की फेब्रुवारीच्या शेवटी तू तुझ्या त्या जमिनी मोजणाऱ्या मोजणीदारांच्या शेजारी लग्नाच्या रजिस्टरवर सही कर आणि सुखाने त्यांच्या बदलीच्या गावी जा. चव्वेचाळीसाव्या वर्षी नवरी होणारी नणंद सगळ्यांच्या नशिबी नसते. मला मिरवू दे.

तुझी,
वहिनी

१४ जानेवारी

वहिनी,

डाग पडलेच, पण या वेळी खडूचे आहेत. औषधाच्या दुकानापुढचं कापडी छत आज द्यायचंय आणि झालर अजून टेबलावर लोळतेय. त्यात तुझी वाक्यं. लोकांच्या वहिन्या साड्या मागतात, तू मला रुसवे मागतेस. घे.

जावयाला चहा उशिरा मिळाला, म्हणून तो दिवसभर फुगून बसला.
तिला कोणी काही म्हटलं नव्हतं, तरी तिने मनाला लावून घेतलं.
धाकट्याला विचारलं नाही म्हणून तो रुसला, आणि विचारलं तेव्हा 'आत्ता विचारताय?' म्हणून पुन्हा रुसला.
'आमची गॅलरी एवढीशी,' असं सून बोलली, तेव्हापासून सासऱ्यांनी राग धरला.
सासरे तोंडाने काही बोलत नाहीत, पण बांधलेली बॅग त्यांनी सोडून ठेवली.
रुसलेल्या माणसाची भूक मरते, निदान चारचौघांत तरी.

पुरे ना? मोठ्या बाईंनी फुली मारली तर मला कळवू नकोस.

बाबा मजेत. मागच्या आठवड्यात भर दुपारी औषधाच्या दुकानासमोर फुटपाथवर उभे राहून आले. ऊन कुठवर येतं ते अंगावर घेऊन बघितल्याशिवाय ते कापडाला कात्री लावत नाहीत. दुकानदार बिचारा घाबरला, त्याला वाटलं म्हाताऱ्याला चक्कर येतेय, त्याने पाणी आणलं. बाबांनी पाणी पिऊन त्यालाच दोन पावलं बाजूला उभं केलं, 'तुमची सावली मध्ये येतेय' म्हणून.

मोजणीदारांनी तिकडे घर बघितलं. पत्रात खोल्यांची लांबी-रुंदी आहे, ओट्याची उंची आहे, खिडकीचं तोंड कोणत्या दिशेला तेही आहे. शेवटी 'वाट पाहतो'. एवढ्या एका ओळीसाठी मी अख्खा नकाशा वाचला.

तुझी,
वन्सं (झालर लावतेय, पळते)

२० जानेवारी

वन्सं,

तुम्ही मला सरळ सांगितलं असतंत तर बरं झालं असतं. असं वाक्यांच्या आडून कशाला?

तुमचं पत्र मी ऑफिसात उघडलं आणि गॅलरीचं वाक्य तिथेच तीनदा वाचलं. गॅलरी एवढीशी आहे असं मी म्हणाले होते, नाही म्हणत नाही. पण कोणाला? फोनवर, तुम्हाला, आणि तेही ओल्या चादरी वाळत घालण्यावरून! ते बाबांच्या कानावर कसं गेलं? आणि वर बॅग सोडून ठेवली म्हणजे काय? कधी सोडली? काही बोलले का? मला सासूबाई कधी टाकून बोलल्या नाहीत, बाबांनी कधी आवाज चढवला नाही, आणि इतक्या वर्षांनी मी एका चादरीपायी त्यांचं मन दुखवलं असेल तर मला हे घर गोड लागायचं नाही.

तुमच्या भावाला वाचून दाखवलं. ते जेवता जेवता थांबले. मग त्यांनी तिथेच ताट बाजूला सारून बाबांना पत्र लिहिलं. माफी मागितली, राग सोडा म्हणून विनवलं, आणि गॅलरीचं असं वर्णन केलं की आमच्याकडे घोडे पळवता येतील. पत्र कालच पेटीत पडलं.

बाकीची वाक्यं चांगली आहेत. 'कोणी काही म्हटलं नव्हतं, तरी मनाला लावून घेतलं' हे मोठ्या बाईंना फार आवडलं. मला त्याचं कौतुक वाटण्यासारखी परिस्थिती नाही.

तुमची,
वहिनी

२७ जानेवारी

अगं वहिनी,

कपाळाला हात लावून बसलेय. ती वाक्यं होती! तूच मागितलीस ना? मी काय आता रोज नवा जावई कुठून आणू? समोर जे दिसलं त्यातून रचली. कापड उरलं की आपण त्याच्या पिशव्या शिवतो, तसं. बॅग टेबलाखाली उघडी पडली होती, कारण बाबांची कात्री चुकून तिच्यात गेली होती. गॅलरी तुझ्या फोनमुळे डोक्यात होती. आणि सासरा म्हटलं की सून आलीच. तू सुतावरून स्वर्ग गाठलास, आणि वर मला 'तुम्ही' म्हणालीस. ते मला जास्त झोंबलं.

आता पुढचं ऐक. दादाचं पत्र आलं. बाबांनी चष्मा पुसून वाचलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मी कधी रुसलो गं?"

म्हटलं, "नाही बाबा, ते कोशासाठी होतं."

"कोशात मी रुसलोय?"

"तुम्ही नाही. नुसतं सासरे म्हटलंय."

"सासरे म्हणजे मीच की. तिला दुसरा सासरा आहे का?"

मी हसले. माझं हसणं त्यांना आवडलं नाही असं मला वाटलं, पण आता माझा माझ्या वाटण्यावर विश्वास राहिला नाही. त्यांनी पत्राची घडी घातली, खिशात ठेवली, आणि दिवसभर छताच्या कापडाला दोरीसाठी रिंगा ठोकत बसले. संध्याकाळी हत्यारं आवरताना म्हणाले, "दादाला कळव, मी काही येत नाही."

म्हटलं, "म्हणजे रागावलात."

"नाही."

"मग का नाही येत?"

"यायचं नाही म्हणून."

आता मला सांग, न रागावलेला माणूस असं बोलतो का? सामानाची गाडी ठरलीय, गल्लीभर सगळ्यांना सांगून झालंय, आणि हे म्हणतात यायचं नाही. त्यांना इथं एकटं टाकून मी बोहल्यावर चढायचं? मला नाही जमायचं ते. मोजणीदारांना काय तोंड दाखवू?

वन्सं

१ फेब्रुवारी

वन्सं, पुन्हा तूच,

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तुझ्या जागी मी असते तर मलाच चार शब्द सुनावले असते. तुझ्या भावाला सांगितलं तर ते म्हणाले, "मग मी माफी कशाची मागितली?" आणि आता ते माझ्याशी मोजकंच बोलतायत. विचारलं, रागावलात का? म्हणाले, नाही. या खानदानात 'नाही'चा अर्थ कोश काढूनही कळायचा नाही.

पण आज व्युत्पत्तीवाले चहाहून वेळेवर परतले, आणि मला मधला रस्ता सापडला. फ्रेंचमध्ये याच शब्दाचा एक भाऊबंद आहे, तो घोड्याला लावतात. जो घोडा सावलीला बिचकतो तो. वाटेत काही नसतं, नुसती सावली पडलेली असते, पण घोडा कान टवकारतो, अडतो, मागे सरतो. त्या बिचकण्यातून संशय आला, आणि संशयातून आपला अपमान झाला असं वाटणं आलं. ते हातवारे करून सांगत होते. मला मात्र डोळ्यांसमोर घोडा दिसेना, बाबा दिसले. तसंच झालं असणार. आपण काही केलं नव्हतं, पण तुझ्या भावाच्या पत्राची सावली पडली आणि ते बिचकले.

मग उपाय एकच, मनधरणी. रुसलेला माणूस पहिल्या हाकेला येत नाही, आला तर त्याची शोभा जाते. तुझ्या भावाला रविवारी पाठवतेय. ते कुरकुरतायत, पण येतील. तू मध्ये बोलू नकोस.

एक शंका मात्र मघापासून छळतेय. पहिल्यांदा बिचकले ती मी. मग तो घोडा मी की बाबा? हे मी व्युत्पत्तीवाल्यांना विचारलं नाही.

तुझी,
वहिनी

९ फेब्रुवारी

वहिनी,

दादाची मनधरणी बघायला तू हवी होतीस.

चपला काढायच्या आधीच त्याने सुरू केलं, "बाबा, आमचं काही चुकलं असेल तर..." बाबा म्हणाले, "वेळेवर आलास. शिडी उचल." सायकलवाल्याच्या दुकानापुढचं छत बसवायचं होतं. दुपारभर दादा खाली शिडी धरून उभा, आणि बाबा वर. हा खालून म्हणतोय, "राग सोडा ना बाबा," ते वरून म्हणतायत, "सोडला. पाना दे." हा म्हणतोय, "तिच्या मनात तसं काही नव्हतं," ते म्हणतायत, "कोणाच्या? बरं, तो पाइप जरा डावीकडे." सायकलवाल्याने काम सोडून स्टूल आणून ऐकलं.

संध्याकाळी दोघं हसत घरी आले. दादाला वाटलं गड सर झाला. तो बाबांच्या कपड्यांच्या घड्या घालायला लागला. बाबा त्याच्या हातातून शर्ट काढून घेत म्हणाले, "अरे, मी येत नाही. किती वेळा सांगू?" आवाज चढवला नाही, कपाळावर आठी नाही. जेवले नेहमीपेक्षा दोन घास जास्तच. जेवल्यावर गुणगुणत भांडी विसळली. रुसलेला माणूस गुणगुणतो? दादा सकाळच्या गाडीने परत गेला. जाताना मला म्हणाला, "हे फार खोल आहे." मला तर तळच दिसत नाही. दादाचं पत्र आल्यापासूनच्या सगळ्या गोष्टी मी आठवून बघते, कुठे काही बोलले का, कुठे काही राहिलं का. आणि गंमत म्हणजे मलाच रोज विचारतात, "तुझं सामान बांधून झालं का?"

शेवटी मी मोजणीदारांना लिहिलं, तारीख पुढे ढकलू या. उलट टपाली उत्तर आलं: 'ठीक. घर धरून ठेवतो. किती पुढे तेवढं कळव.' बास. यात राग आहे का सांग. तू या विषयातली जाणकार आहेस.

वन्सं

१३ फेब्रुवारी

वन्सं,

खबरदार तारीख ढकललीस तर! एकदा ढकलली की भिजत घोंगडं पडलं म्हणून समज. त्यांना आजच्या आज लिही, तारीख तीच.

त्यांचं वाक्य मी नाव-गाव न सांगता ऑफिसात वाचून दाखवलं. व्युत्पत्तीवाल्यांच्या मते राग नाही. मोठ्या बाई म्हणाल्या, राग नाही, पण तो माणूस घाबरलाय. टंकलेखनवाली म्हणाली, असा नवरा असेल तर मलाही बघा. काही निष्पन्न झालं नाही.

मग मोठ्या बाईंनी मला केबिनमध्ये बोलावलं. माझं कार्ड अजून का आलं नाही विचारायला. मी म्हटलं, घरात गोंधळ आहे, आणि मग सगळं सांगून टाकलं. त्या ऐकत होत्या. म्हणाल्या, "सासऱ्यांना कोणी विचारलं का?"

म्हटलं, "अहो, कितीदा! रागावलात का, रागावलात का, म्हणून तोंड दुखलं सगळ्यांचं."

"ते नाही. तुमच्याकडे यायचंय का, असं विचारलं का?"

खरंच गं, विचारलं होतं का आपण? तू मला लिहिलंस, मी तुझ्या भावाला सांगितलं, त्यांनी पलंग आणला. बाबांना आपण एकदम तारीखच सांगितली. ते 'बरं' म्हणाले होते. पण ते तर औषधाच्या दुकानदारालाही 'बरं' म्हणतात. आणि नंतर जेव्हा ते 'नाही' म्हणाले, तेव्हा आपण ठरवून टाकलं की रुसले. रुसले म्हटलं की आपल्याला काय करायचं ते माहीत असतं. नुसतं 'नाही' म्हटलं तर काय करायचं ते आपल्यातल्या कोणालाच माहीत नाही.

तू विचार त्यांना. मशीन बंद करून विचार.

तुझी,
वहिनी

१९ फेब्रुवारी

वहिनी,

विचारलं. मशीन बंद करून विचारलं.

बाबा टेबलावर कापड पसरून खडूने रेघ मारत होते. म्हटलं, "बाबा, तुम्हाला दादाकडे राहायला जायचंय का?"

"नाही."

"तिथं काही कमी आहे का?"

"काही नाही. तो चांगला, सून त्याच्याहून चांगली, गॅलरी कशी का असेना. पण मी तिथं सकाळी उठून काय करू? माझं टेबल इथं आहे. हात चालतायत. मला इथंच राहायचंय."

"मग आधी का नाही बोललात?"

"तुमची सगळ्यांची एवढी धावपळ चाललेली. मला वाटलं, मी मध्ये काही बोललो तर तुझं लग्न अडेल. मग दादाचं ते पत्र आलं, तेव्हा म्हटलं आता सांगून टाकावं."

"आणि मी गेल्यावर तुमचं कोण करणार?"

"मी करीन की. स्वयंपाक येतो मला. समोर सायकलवाला आहे, हाक मारली की येतो. तू खुशाल जा गं. माझं काही अडत नाही."

वहिनी, हे ऐकून मला हायसं वाटायला हवं होतं ना? सुंठेवाचून खोकला गेला. पण मला एकदम रडूच फुटलं. मी म्हटलं, "मग इतकी वर्षं मी इथं कशासाठी थांबले?" आई गेली तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. दोन चांगली स्थळं मी घरातूनच परत पाठवली, बाबांना जेवायला कोण वाढेल म्हणून. मोजणीदारांनाही आधी नाहीच म्हटलं होतं, तुला माहीत आहे.

बाबांनी रेघ पुरी केली, खडू खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "मला वाटलं, तुला हे काम आवडतं म्हणून थांबलीस."

त्यांच्या चेहऱ्यावर कसलंही कपट नव्हतं. खरंच तसं वाटत होतं त्यांना, वीस वर्षं. काम आवडतं गं मला. पण कापडाच्या तुकड्यांसाठी कोणी आयुष्य बाजूला ठेवतं का?

तारीख तीच ठेवलीय. मी जाणार. त्यांचं काही अडत नाही ना, मग मीही अडून राहत नाही.

वन्सं

५ मार्च

वन्सं,

लग्न झालं आणि तू गेलीस. तुझा भाऊही कामावर परतला. मी रजा टाकून इथेच राहिलेय थोडे दिवस, तुझ्याच खोलीत. तू सांगितलं नव्हतंस, बाबांनीही सांगितलं नव्हतं. पण या वेळी मी आधी विचारलं, "राहू का?" ते म्हणाले, "राहा की." म्हणून राहिले.

बाबा बरे आहेत. स्वयंपाक येतो म्हणाले होते, तो येतो, खाणाऱ्याची हिंमत हवी. काम जोरात आहे. मला त्यांनी रिंगा ठोकायला शिकवलं, आणि माझं बोट ठेचलं तेव्हा, "पहिल्या दिवशी तिचंही ठेचलं होतं," एवढं म्हणाले. तुझ्याबद्दल तेवढंच बोलले. पण पोस्टमन आला की हातातलं सोडून दारात जातात. तुझं काही नसलं की 'बरं' म्हणतात आणि परत येतात. हे 'बरं' मला आता कळायला लागलंय, आणि ते ऐकवत नाही.

सह्या झाल्यावर तू सगळ्यांना मिठ्या मारल्यास. बाबांना नुसतं 'येते' म्हणालीस, आणि तेही त्यांच्या खांद्यावरून मागे भिंतीकडे बघत. मी तिथेच उभी होते. मी आता कोणाबद्दल काही ठरवत नाही, कानाला खडा लावलाय. सरळ विचारते. रागावली आहेस का?

तुझी,
वहिनी

११ मार्च

वहिनी,

हो. रुसलेय. चांगली कडकडीत रुसलेय, बाबांवर.

इकडे सगळं ठीक आहे. घर नकाशाबरहुकूम आहे. मोजणीदार माणूस सोन्यासारखा आहे. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, काय झालंय? मी म्हटलं, काही नाही. त्यांनी विश्वास ठेवला आणि कामाला गेले. हातात मोजणीची टेप घेऊन आयुष्य काढलेला माणूस, जे सांगितलं ते लिहून घेतो. त्यांचं चुकलं नाही.

बाबांचंही चुकलं नाही, मला कळतं. त्यांनी मला थांब म्हटलं नव्हतं. जाताना अडवलं नाही, उलट खुशाल जा म्हणाले. दुसऱ्या कोणाचा बाप असा वागला असता तर मी त्याचं कौतुक केलं असतं. पण मला त्यांनी एकदा, एकदाच, म्हणायला हवं होतं की तू गेलीस की मला करमायचं नाही. खोटं का होईना. मी ते ऐकून गेलेच असते, थांबले नसते, पण जाताना त्यांच्या तोंडाकडे बघून गेले असते. आता दुपारी हे घर गप्प असतं. मशीनचा आवाज नसतो. मी इथं बसून त्यांच्या त्या 'काम आवडतं म्हणून थांबलीस' या वाक्याला उत्तरं तयार करते आणि एकही जमत नाही.

तुझ्या त्या घोड्यासारखं नाही माझं. मी सावलीला बिचकले नाही. मला लागलंय ते खरंच लागलंय.

तू हे बाबांना सांग. वाक्य म्हणून नको, बातमी म्हणून सांग.

वन्सं

१५ मार्च

वन्सं,

बातमी म्हणून सांगितली.

बाबा झालरीला दोरी ओवत होते. मी म्हटलं, "बाबा, ती रुसलीय. तुमच्यावर." त्यांनी दोरी तशीच धरून ठेवली. म्हणाले, "माझ्यावर?" म्हटलं, "हो." थोड्या वेळाने पुन्हा तेच, "माझ्यावर?" मग मी तुझं पत्र वाचून दाखवलं, सगळं, करमायचं नाही तिथपर्यंत आणि त्याच्या पुढचंही. ते खाली बघत होते. वाचून संपल्यावर म्हणाले, "करमत नाहीच की. ते काय सांगायला लागतं?"

म्हटलं, "लागतं बाबा."

मग त्यांनी दोरी गुंडाळून ठेवली. मी विचारलं, सासूबाई कधी रुसल्या नाहीत का तुमच्यावर? म्हणाले, "रुसली असेल. मला कळलं नसेल." आणि गुंडाळलेली दोरी पुन्हा सोडायला लागले. मी चहा करायला उठले, तर मागून विचारलं, "सूनबाई, रुसलेल्या माणसाला जाऊन काय म्हणायचं असतं?" मी एवढी कोशात काम करते, रुसव्याच्या शब्दावर दोन महिने घालवले, पण मला सांगता आलं नाही. म्हटलं, तुम्ही जा तर खरं, तिथं गेल्यावर सुचेल.

आता ऐक. त्यांना लगेच निघायचं होतं. हे पत्र तुझ्याकडे आधी पोचावं म्हणून मी त्यांना शनिवारपर्यंत कसंबसं थोपवून धरलंय, आणि ते दर तासाला गाडीची वेळ विचारतायत. दुकानाला तेवढे दिवस कुलूप. कापड कापता कापता काहीतरी पुटपुटतात, मी जवळ गेले की थांबतात. पाठ करतायत बहुतेक.

ते आले की दार उघडायची घाई करू नकोस. एवढ्या लांबून येतायत ते, थोडी रुसलेली राहा.

तुझी,
वहिनी